खो मिळेपर्यंत

होळी जवळ आली की उणकलच्या तळ्यावरून दुपारी एक कोरडा वारा सुटतो. हा वारा काही घेऊन येत नाही, असलेलं घेऊन जातो. दोरीवरचे कपडे, अंगणातला पाचोळा, कुंडीतली वरची माती. त्या वेळी मी वाचत असले, पडलेली असले, तरी उठून स्वयंपाकघरात जाते आणि गॅसचा खटका बंद आहे ना ते बघते. बंदच असतो. तुमची आई मागच्या खेपेला आली होती तेव्हा हे बघून म्हणाली, आईला हल्ली विसरायला होतं. विसरायला होत असतं तर मी उठलेच नसते.

परवा फोनवर मुक्ता विचारत होती, आजी, तू कधी टीममध्ये खेळलीस का, कुठे स्वयंसेवक म्हणून काम केलंस का. तिकडच्या कॉलेजात प्रवेश हवा असेल तर या दोन्हींनी तुम्हाला काय शिकवलं ते लिहून द्यावं लागतं म्हणे. निखिल मागून ओरडला की शिस्त, सहकार्य आणि नेतृत्व असं लिही आणि मोकळी हो. मुलांनो, हे तीन शब्द मी नोकरीतली सगळी वर्षं मुलींच्या निबंधांत लाल शाईनं खोडत आले आहे. ते खोटे असतात असं नाही. त्यांच्यात कुणी राहत नाही, इतकंच. म्हणून मी एका फाल्गुनाबद्दल लिहिते आहे. त्यातून काय शिकायचं ते तुम्ही ठरवा; मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही.

आज मी ज्या घरात बसून हे लिहिते आहे ते घर, शेजारचं, पलीकडची बँक, मुलांचं मैदान, यांतलं तेव्हा काही नव्हतं. माळ होता. काळी भेगाळलेली जमीन, मधून मधून बाभळी, टोकाला तळं. आम्ही हुबळीत राहत होतो, दाजीबानपेठेच्या मागच्या बोळात. माझे वडील, अप्पा, वकील होते. आई लवकर गेली, तेव्हा घर आत्याच्या हातात होतं. आत्या अप्पांहून मोठी, म्हणून अप्पा तिला अक्का म्हणत. ती विधवा होती आणि तिचं सोवळं कडक होतं. तिच्या सोवळ्यातून मी सुटायची ती एकाच जागी, शाळेच्या मैदानावर.

मुलींच्या शाळेत खो-खोचा संघ काढला तो आमच्या बाईंनी. त्या भूगोल शिकवत आणि पदर खोचून मैदानात उभ्या राहत. लोक हसले. मोठ्या मुली परकराचा काचा मारून धावतात, ही बातमी पेठेत दुकानादुकानांतून फिरली. पण दुसऱ्या वर्षी धारवाडच्या मुलींशी सामना ठरला तेव्हा हसणं थोडं कमी झालं.

तुम्ही खो-खो खेळला नाहीत, म्हणून सांगते. धावणारी एकच असते. बाकीच्या आठ ओळीत बसलेल्या, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. बसलेली म्हणजे निवांत नव्हे. एक टाच उचललेली, हात जमिनीला टेकलेले, कान मागे. धावणारी थकली की ती बसलेलीच्या पाठीला हात लावते आणि ‘खो’ म्हणते. हात आधी, शब्द नंतर. मग बसलेलीनं उठून धावायचं आणि थकलेलीनं तिच्या जागी बसायचं. नुसता शब्द ऐकून उठली तर चूक. नुसता हात लागला म्हणून उठली तरी चूक. आणि खो मिळाल्यावर उठायचं नाही, असं तर या खेळात नाहीच. बाई म्हणायच्या, धावायला कुणालाही येतं, मला बसणाऱ्या मुली हव्यात.

आमची कर्णधार तुंगव्वा. तिच्या वडिलांचं पेठेत सुताचं दुकान होतं. घरची बोली कन्नड. मराठी आमच्याशी, तीही आमच्या भागातली, जिच्यात बायकासुद्धा ‘मी येतो, मी बसतो’ म्हणतात. मला कन्नड जन्मापासून येत होतं. दूधवालीचं, शेजारचं, बाजारातलं, सगळं कन्नडच. तरी एकदा घोळ झालाच. मी पाठलाग करत होते, पुढची मुलगी हाताशी आली होती, आणि बसलेल्या ओळीतून तुंगव्वा ओरडली, ‘ओड, सुमा, ओड.’ कन्नडमध्ये ओड म्हणजे पळ. माझ्या कानात मात्र शिरलं मराठी. मी हात लांबवला, पुढच्या मुलीची वेणी धरली आणि ओढली. ती धप्पकन खाली बसली.

बाईंनी खेळ थांबवला. ‘सुमती, हे काय?’

‘बाई, हीच म्हणाली ओढ म्हणून.’

सगळ्या मुली हसून जमिनीवर आडव्या झाल्या. तुंगव्वानं डोळे पुसत विचारलं, ‘धारवाडला गेल्यावर कुणाकुणाच्या वेण्या आणणार ग तू?’ त्या दिवसापासून मी ओढाक्का झाले. बाईंनी नियम केला की मैदानावर शब्द एकच, खो. तो मराठीही नाही आणि कन्नडही नाही, म्हणजे त्यावरून भांडण नाही.

सामना झालाच नाही. संक्रांत झाली आणि पेठेतल्या एका धान्याच्या दुकानात उंदीर पडला.

प्लेगच्या दिवसांत हे दोन शब्द पुरेसे असत. उंदीर पडला म्हटलं की पुढचं कुणी विचारायचं नाही. मग बोळात दुसरा पडला, मग आमच्या न्हाणीच्या मोरीत. अप्पांनी काठीनं तो कागदावर घेतला आणि आत्याला म्हणाले, ‘अक्का, भांडी बांध.’ चार दिवसांत पेठ रिकामी झाली. बैलगाड्यांवर ट्रंका, पाळणे, देव, जाती. कुलपं लावलेली दुकानं, आणि रस्त्यावर आपल्याच पावलांचा आवाज. सगळे उणकलच्या माळावर येऊन झोपड्या बांधून राहिले. बांबूच्या तट्ट्या, वर कडबा आणि गवत, सगळं सुंभानं बांधलेलं. तळ्याकडच्या ओळी पेठेतल्या दुकानदारांच्या, मग इतरांच्या, आणि वाऱ्याच्या पार खालच्या टोकाला वकील-मास्तरांची ओळ. आत्या म्हणाली की कडब्यात राहायचं तर ओळ कसली नि मान कसला. पण आपली चूल तिनं शेजारच्या चुलीपासून चार हात दूरच मांडली.

टोचून घ्यावं लागलं. दंड सुजले, ताप आला, उतरला. गावात कुणाकुणाला गाठ आली ते कानावर यायचं, आणि मोठी माणसं आम्हाला बघून विषय बदलायची. पण माळावर प्लेगपेक्षा जास्त भीती होती ती विस्तवाची. वस्तीच्या पंचांनी नियम केला: दुपारी वारा सुटायच्या आत सगळ्या चुली विझवायच्या, राखेवर पाणी मारायचं, झोपडीत विस्तव न्यायचा नाही. हे बघायला माणसं हवी होती. बाईंनी आमचा संघ पुढे केला.

त्यामुळे धारवाडला जायचं ते आम्ही विहिरीवर गेलो. ओळीओळीला पाण्याची पिंपं भरून ठेवायची होती. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलगी घागर घेऊन धावली, एकमेकींना धडकली, निम्मं पाणी वाटेत. बाईंनी आम्हाला खेळात ओळीनं बसवतात तसं उभं केलं, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. घागर या हातातून त्या हातात, कंबर न वळवता. भरलेली या बाजूनं आली, रिकामी त्या बाजूनं गेली. पाणी सांडायचं थांबलं. लोक बघायला जमले.

आत्याही बघून गेली. घरी आल्यावर तिनं अप्पांना सांगितलं की हे पाणी बत्तीस हातांतून येतं, ते आपल्या चुलीवर चढणार नाही. तिकडे तुंगव्वाच्या आजीनंही आमच्या हातचं पाणी पिण्याला नको म्हटलं. ते लिंगायत, त्यांचा आपला एक नियम होता. शेवटी असं ठरलं की मुलींनी आणलेलं पाणी वापरायला आणि विस्तवाला, पिण्याचं ज्यानं त्यानं आणावं. आत्या पहाटे ओलेत्यानं विहिरीवर जाऊन तिची तांब्याची कळशी भरून आणायची. पाठीला हात लावून खेळणाऱ्या आम्ही मुलींनी हा निर्णयही तसाच पाळला. त्या वयात दोन जगं शेजारी शेजारी ठेवता येतात. एकात दुसरं सांडत नाही.

आणि मग नीलक्का बाळंत झाली.

नीलक्का तुंगव्वाची थोरली बहीण. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती आणि अडकली. सासरच्या गावात हुबळीहून आलेल्या माणसाला शिरू देत नव्हते, आणि इथे घर नव्हतं. तिच्यासाठी पेठेच्या ओळीच्या शेवटी, आमच्या ओळीच्या अलीकडे, एक झोपडी बांधली. अव्वांच्या म्हणजे तुंगव्वाच्या आईच्या लग्नातली मोठी शिसवी बाज गाडीवरून आणली, ती माळावर ठेवली आणि तिच्याभोवती झोपडी उभी केली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार ठेवलं ते एक माणूस आडवं होऊन शिरेल एवढंच. मुलगी झाली. दोन दिवस अडलेली बाई. पायांत उभं राहायचं बळ नव्हतं, त्यात हुडहुडी भरून ताप येऊ लागला. बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवली. ओव्याची धुरी, शेक, सगळं त्या शेगडीवर.

कडब्याच्या झोपडीत, बाजेखाली, वाऱ्याच्या महिन्यात विस्तव.

पंचांपैकी एक जण आले आणि अव्वांना म्हणाले की शेगडी तरी बाहेर काढा, नाही तर बाळंतीण तरी. अव्वा दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, बेंकी, म्हणजे विस्तव, काढली तर ही जगेल असं तुम्ही लिहून देता का. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी माळाकडे हात केला आणि म्हणाले, एवढी माणसं आहेत, अव्वा. दोघांचंही खरं होतं. अशा वेळी कुणी तरी ओरडतं किंवा कुणी तरी रडतं. बाई मात्र म्हणाल्या, ‘वारा असेल तेवढा वेळ माझ्या मुली दाराशी बसतील. घागर घेऊन. शेगडीवर नजर ठेवतील.’

‘आणि कंटाळून उठून गेल्या तर?’

‘खो मिळाल्याशिवाय उठणार नाहीत,’ बाई म्हणाल्या. त्या गृहस्थांना खो-खो ठाऊक नसावा. पण बाईंचा सूर ऐकून ते परत फिरले.

अशी आमची पाळी सुरू झाली. एकीनं दाराशी बसायचं, फटीतून बाजेखालचे निखारे दिसतील असं. घागर उजव्या हाताला. दुसरी आली की पाठीला हात लावून खो म्हणणार, मग उठायचं. आत्यानं ऐकलं तेव्हा ती अप्पांना म्हणाली, ‘दुसऱ्याच्या बाळंतिणीची शेगडी राखायला हिला शाळेत घातली का?’ अप्पांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, ‘मग कशासाठी घातली, अक्का?’ आत्यानं मला डोक्याला बांधायला ओलं फडकं दिलं.

त्या दुपारी आठवतात. पाठीवर ऊन, पुढ्यात अंधार, अंधारात तांबडे डोळे उघडझाप करणारे. वाऱ्याची झुळूक आली की तट्ट्या करकरायच्या, आणि निखारे एकदम पेटल्यासारखे व्हायचे, तसा माझा हात घागरीकडे जायचा. आतून नीलक्का विचारायची, ‘आज कोण?’

‘मी, सुमा.’

‘ओढाक्का होय? मग बरं. बाज बांधून ठेवायला हवी.’ थोडं हसून ती थकायची. मग म्हणायची, ‘गाईला दावं असतं ग, सोडता तरी येतं. मला तर अख्खी झोपडीच बांधलीय.’

एकदा तुंगव्वाला यायला फार उशीर झाला. टोचल्याचा ताप तिला पुन्हा आला होता, हे मला कुठून कळणार? पलीकडे हुरड्याची आगटी विझवून मुलं कणसं चोळत होती, मला हाका मारत होती. घसा सुकला. घागरीतलं पाणी प्यायचं नव्हतं, ते शेगडीचं. मी उठले नाही, पण त्यात काही मोठं वाटत होतं असं समजू नका. मी तुंगव्वावर मनातल्या मनात जितकी चिडले तितकी आयुष्यात नंतर कुणावर चिडले नसेन. आमच्यातली एक मुलगी, नाव कशाला, नियम सगळ्यांत चोख पाळायची, खेळात तिची चूक कधी झाली नाही. ती दुसऱ्या दिवसानंतर पाळीला आलीच नाही. घरचे नको म्हणाले. तिला मी तेव्हा दोष दिला, आता देत नाही. पण खेळ माणसाला चांगलं करतो असं कुणी म्हटलं की मला ती आठवते.

मुक्ता, तुझ्या त्या निबंधात हे बसायचं नाही. असू दे.

होळीच्या आदल्या दुपारी वारा वेळेआधी सुटला. मी दाराशी होते. नीलक्काचा ताप उतरणीला होता, बाळ अव्वांनी अंघोळीला बाहेर नेलं होतं. मला आधी वास आला. धूर रोजच असतो, पण हा गोवरीचा नव्हता, गवताचा होता. मान वळवली तर तळ्याकडच्या पहिल्या ओळीवर एक पिवळा पडदा उभा. आवाज नंतर आला. कडबा पेटला की सबंध रानातून जनावरं धावत यावीत तसा आवाज होतो. विस्तव कुठून लागला ते कधीच कळलं नाही. कुणी होळीसाठी गोवऱ्या पळवणाऱ्या मुलांचं नाव घेतलं, कुणी न विझलेल्या चुलीचं. आमच्या शेगडीतून लागला नव्हता. आम्ही राखत होतो एक विस्तव, आणि आला दुसराच.

लोक पळू लागले. आमच्या ओळीकडे, रस्त्याकडे. बाळ छातीशी धरून अव्वा झोपडीकडे धावत आल्या आणि वाटेतच थबकल्या, कारण त्यांना दिसलं जे मलाही दिसलं होतं. वारा सरळ आमच्याकडे होता. बाज दारातून निघणार नव्हती. आणि नीलक्का उभी राहू शकत नव्हती. मधली एक झोपडी पेटली. अव्वांच्या एका हातात नातवंड, समोर लेक, आणि दाराशी एक परकी पोर. त्यांनी त्या परक्या पोरीला तरी वाचवायचं ठरवलं असणार. त्या जीव तोडून ओरडल्या, ‘ओड! सुमा, ओड!’

मी ओढलं.

आधी घागर बाजेखाली उपडी केली. शेगडी फसकन विझली. मग दोन्ही हातांनी दाराशेजारच्या तट्टीचं सुंभ धरलं आणि मागे रेलले. हाताची सालं निघाली. सुंभ तुटलं, तट्टी कलली. आत नीलक्काचं तोंड दिसलं. एवढं ऊन तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं; तिनं डोळ्यांवर हात घेतला. मी दुसरी तट्टी धरली. तेवढ्यात विहिरीवरून संघ आला, पुढे तुंगव्वा. आठ जणी एकीआड एक, त्याच सवयीनं, निम्म्या इकडून निम्म्या तिकडून, तट्ट्यांना भिडल्या. भिंत पडली. मुलींनी बाज उचलली, बाजेसकट नीलक्का, आणि ती शिसवी बाज माळावरून रस्त्याकडे पालखीसारखी गेली. अव्वा बाळ घेऊन मागून पळत होत्या आणि मोठ्यानं रडत होत्या.

झोपडी जमीनदोस्त झाली तेव्हा पुरुषांच्या लक्षात आलं की असं करता येतं. त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंच्या झोपड्या ओढून पाडल्या, कडबा दूर फेकला. मध्ये रिकामी जमीन झाली. विस्तव त्या जमिनीपाशी आला, काही वेळ घुटमळला आणि बसला. पलीकडची आमची ओळ राहिली. आत्याची चूल राहिली, देव राहिले.

तोवर बाईंनी उरलेल्या मुलींची आणि बायकांची ओळ पुन्हा लावली होती, ठिणग्या विझवायला. त्या ओळीत आत्या होती. तिनं आधी तिची सोवळ्याची तांब्याची कळशी आणून स्वतः विस्तवावर ओतली होती, मग दुसरी, आणि मग आणायला वेळ नाही म्हणून ओळीत येऊन उभी राहिली होती. उभी राहिली ती चुकीचं तोंड करून. घागर तिच्यापाशी येऊन अडायला लागली. बाज पोचवून परत आलेली तुंगव्वा तिच्या शेजारी घुसली आणि आत्याला, जिच्याशी आमच्या घरात कुणी वर मान करून बोलत नसे, म्हणाली, ‘आत्या, तोंड तिकडं करा.’

आत्यानं तोंड तिकडं केलं.

मोठेपणी मी ही गोष्ट कुणाला सांगितली की लोकांना वाटतं, त्या संध्याकाळी आत्या सगळ्यांबरोबर पाणी प्यायली असेल. नाही प्यायली. घसा कोरडा पडला होता, बोलता येत नव्हतं. तरी ती पुन्हा अंघोळ करून, नव्यानं कळशी भरून आणून मगच प्यायली. पण पुढे कितीतरी दिवसांनी, शेंगा निवडता निवडता, मध्येच म्हणाली, ‘ती पोर बरोबर होती. तसं उभं राहिलं की सांडत नाही.’

मला मात्र हे सगळं नंतर कळलं, कारण मी तिथं नव्हते. मी पाडलेल्या झोपडीपाशी होते. बाज गेली, मुली गेल्या, पुरुष पुढच्या झोपड्यांकडे गेले, आणि मी तिथेच उभी राहिले. कुठून तरी रिकामी घागर हातात आली होती ती तशीच. पायांजवळ कडब्याचा ढीग, त्यात विझलेली शेगडी. ढिगातून धूर निघतोय का ते मी बघत होते. कुणी तरी हाक मारली, सुमा, चल. मी ऐकलं, आणि गेले नाही. अप्पा मला शोधत रस्त्याच्या कडेपर्यंत गेले होते म्हणे.

सूर्य तळ्याच्या टोकाशी टेकला तेव्हा मागून पावलं वाजली. पाठीला हात लागला, आणि मग तुंगव्वाचा घोगरा आवाज, ‘खो.’

मी जमिनीवर बसले आणि रडले. तुंगव्वा माझ्या हातातली घागर काढून घेऊन माझ्या जागी उभी राहिली, ढिगाकडे तोंड करून. म्हणाली, ‘नीलक्कानं पेज घेतली. तुझं नाव विचारत होती.’ आणि वर, ‘अव्वा म्हणतीय, एवढं कन्नड येतंय म्हणून मिरवतीस, आणि ओड कळेना होय तुला?’

पुढे सगळ्या माळानं ही थट्टा केली. वकिलाच्या पोरीला पळ म्हटलं तर तिनं झोपडी ओढली. मीही हसायची. पण मला खरंच तसं ऐकू आलं होतं का, हे आजही सांगता येत नाही. ओडचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. त्या वेणीपासून तर विसरणं शक्यच नव्हतं. इतकंच आठवतं की अव्वा ओरडल्या तेव्हा माझ्या पाठीला हात लागलेला नव्हता. खो मिळेपर्यंत पाय माझे नव्हते. मग तो शब्द पायांत न जाता हातांत गेला.

घरी गेल्यावर आत्यानं माझं पोलकं पाहिलं. पाठीवर काजळीचा पंजा उठला होता, पाचही बोटं स्पष्ट. तिनं ते दोनदा धुतलं. पुरतं गेलं नाही. तिसऱ्यांदा ती म्हणाली, राहू दे, आत घालायला होईल.

नीलक्का सव्वा महिन्यानं आपल्या पायांनी सासरी गेली. त्या दिवशी अव्वांच्या हातात होती ती मुलगी पुढे माझ्याच वर्गात बसली. इंग्रजीत बेताची, धावण्यात पहिली. धारवाडचा सामना झालाच नाही, त्या मुलींची तोंडंही मी पाहिली नाहीत. पावसाळ्याआधी आम्ही पेठेत परतलो, माळ पुन्हा माळ झाला. कितीतरी वर्षांनी इथं प्लॉट पडले तेव्हा तुमच्या आजोबांनी विचारलं, एवढ्या लांब, गावाबाहेर कशाला? मी म्हटलं, वारा चांगला आहे. ते शहाणे होते, पुढचं विचारलं नाही.

तुंगव्वा दर वर्षी या दिवसांत यायची. लॅमिंग्टन रोडवरून सिटी बसनं, एकटी, पिशवीत शेंगा घेऊन. आम्ही व्हरांड्यात बसायचो. ऊन कलेपर्यंत ती बसायची, मग गुडघ्यांवर हात टेकून उठायची आणि जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवायची. शब्द उच्चारायची गरज नसे, पण ती उच्चारायचीच. गेल्या श्रावणात ती गेली. हा पहिलाच वारा तिच्याशिवाय.

समोरच्या मैदानावर हल्ली संध्याकाळी मुली खो-खो खेळतात. त्यांच्या पायांत बूट असतात, शिट्टी असते, नियमही पुष्कळ बदललेत. पण शब्द तोच आहे. वाऱ्यावरून तो आला की माझी पाठ आपोआप ताठ होते, उजवी टाच उचलली जाते. मी उठत नाही. हात लागलेला नसतो.

फोन ठेवताना मुक्ता म्हणाली, आजी, आता पुरे तिथं एकटं राहणं, घर बंद कर आणि इकडे ये. निखिलही तेच म्हणाला. तुमच्या आईनं तर तारखासुद्धा सुचवल्या. तुमचं चुकत नाही. मी थकले आहे, हेही खरं आहे. पण बाळांनो, फोनवरून दिलेला खो धरत नाहीत. खो द्यायचा तर स्वतः मागून यावं लागतं, आणि आधी पाठीला हात लावावा लागतो.